कोणें पाहिलें?

"अप्पडिया? कोणें पाहिलें?"

कितीही साधी बातमी सांगा, शिरस्तेदारमामांच्या तोंडून हे दोन प्रश्न निघायचेच. पहिला तमिळ, 'असं का?' या अर्थाचा. दुसरा आमच्या घरांतल्या जुन्या मराठीतला. विचारता विचारता ते चष्मा काढत, पंच्याच्या टोकानं पुसत, आणि पुसून होईपर्यंत सांगणाऱ्याकडे बघत नसत. तेवढ्या वेळात सांगणाऱ्यालाच आपल्या बातमीचा संशय यायला लागे.

कुंभकोणम्‌ला आमच्यासारखी मराठी बोलणारी थोडीच घरं आहेत. मराठ्यांच्या राज्यात पूर्वज कावेरीकाठी आले आणि इथलेच झाले. रस्त्यावर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी. पुण्यात शिकत असताना माझ्या तोंडचं 'कोणें पाहिलें' ऐकून मैत्रिणी हसायच्या. म्हणायच्या, ही ताम्रपटातून बोलते. मग मी त्यांच्यासारखं लिहायला शिकले, गावी परतले आणि कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला लागले. मामा आमच्या शेजारचे, नात्यानं कोणी नव्हेत. कोर्टात शिरस्तेदार होते. देवाची शपथ घेऊन खोटं बोलणारी माणसं ऐकण्यात त्यांची उमर गेली होती. असा माणूस तुमच्याही गल्लीत असेल. तो ओट्यावर बसलेला दिसला की आपण पलीकडच्या बाजूनं जातो.

त्यांचा संशय कशालाच वर्ज्य नव्हता. कॉफीचा पहिला घोट तोंडात घोळवून ते मामींना विचारत, "चिकोरी किती?" मामी म्हणत, "नाहींच." मग ते डबऱ्यातून, म्हणजे पसरट वाटीतून, टंबळरात आणि त्या पेल्यातून परत डबऱ्यात कॉफी ओतून तिचा फेस बघत. मामी मला डोळ्यांनी खुणावत: थोडी आहे.

एकदा आमच्या सभेनं स्वामीमलैच्या एका कारखान्यात रामाची लहान पंचधातूची मूर्ती करायला दिली. मामा बसनं तिथं गेले आणि ओतकाम चाललं होतं तिथं स्टूल टाकून बसले. मूर्ती आतून भरीव होते की पोकळ, हे त्यांना बघायचं होतं. स्थपती, म्हणजे तिथले मूर्तिकार, दिवसभर सहन करत होते. शेवटी म्हणाले, "अय्या, देवाचे डोळे सगळ्यांत शेवटी कोरतात. आत्तापासून काय बघताय?" मामा म्हणाले, "तोवर कोणाचे तरी उघडे नकोत का?"

आणि हाच माणूस रस्त्याकडच्या दाराला कधी कडी घालत नसे. दिवसा नाही, निजतानाही नाही. कड्या होत्या, आत एक, बाहेर एक, पितळेच्या, मामी त्या दर शुक्रवारी चिंचेनं लखलखीत घासत. पण घालायची नाही. बाबूराव, आमच्यातले भांड्यांचे दुकानदार, म्हणत, "मामांच्या घरात शिरून साक्ष द्यायची कुठल्या चोराची छाती आहे?" आम्ही हसायचो. मी कधी विचार केला नाही.

ज्या सभेचा उल्लेख केला ती म्हणजे आम्हा मराठी घरांची. तिचा एक भजनमठ आहे. लाकडी खांब, वर नळीची कौलं, रामनवमीला भजन आणि पंगत. अध्यक्ष निवडायची आमची एक पद्धत आहे. प्रत्येक उमेदवारासाठी दुसऱ्या घरातल्या कोणीतरी उभं राहून त्याच्याबद्दल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगायची. ऐकलेली चालत नाही. ती गोष्ट झाल्यावर मग मत. झाकणाच्या पितळी हंड्यात घरटी एकानं विड्याचं पान नाहीतर सुपारी टाकायची; पान एका उमेदवाराचं, सुपारी दुसऱ्याची. ही 'पाहिलेली गोष्ट' मामांनीच फार वर्षांपूर्वी सभेच्या गळी उतरवली, हे निराळं सांगायला नको.

साडेतीन वर्षांपूर्वी सुभेदार अध्यक्षपदाला उभे राहिले. आमच्यातलेच, पण तरुणपणी सैन्यात गेले ते निवृत्त होऊनच परतले. आमच्या रस्त्याच्या टोकाला घर बांधलं, आईला आणून ठेवलं. पीळदार मिशा, ताठ पाठ, बोलण्यात हिंदी. हॉलमध्ये काचेच्या चौकटीत पदकं. मठ मोडकळीला आला आहे, कौलं काढून पत्रे घालू, सगळं शिस्तीत करू, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्याविरुद्ध उभे होते गणिताचे निवृत्त मास्तर, स्वभावानं इतके मऊ की स्वतःसाठी मत मागतानाही क्षमा मागत. मामा मास्तरांच्या बाजूचे. मठाचं छप्पर वाचवायचं तर सुभेदाराला अडवलं पाहिजे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

त्या आठवड्यात मामांच्या ओट्यावर दुसरा विषय नव्हता.

"सीमेवर उभा राहिलेला माणूस आहे, मामा," बाबूराव म्हणाले. "आपल्याला देवळाच्या रांगेत धड उभं राहतां येत नाहीं."

"रांगच लावायची तर पोलीस बोलवा. अध्यक्ष कशाला?"

"हुकूम द्यायची सवय आहे त्याला."

"आणि आपल्यातल्या कोणाला ऐकायची सवय आहे?"

मास्तर हळूच म्हणाले, "शौर्य निराळं, कारभार निराळा. म्हणजे, मला तसं वाटतं. चुकत असेन."

"तें नंतर," मामांनी चष्मा काढला. "आधीं शौर्य. कोणें पाहिलें?"

"पदकं आहेत कीं काचेत!"

"कोर्टांत वस्तू हजर केली, बाबू, तरी ती ओळखायला माणूस लागतो. वस्तू आपण होऊन बोलत नाहीं." मग माझ्याकडे वळून, "काय ग, तुझीं पुस्तकं काय म्हणतात?"

मी म्हटलं, पुस्तकांत दोन्ही प्रकारचे आहेत. लढाई जिंकून राज्य बुडवणारेही, आणि तलवार न धरता ते सांभाळणारेही.

"म्हणजे पुस्तकंही मत देणार नाहींत," मामा म्हणाले आणि कॉफी ओतू लागले. मला तेव्हा वाटलं, या माणसाला सुभेदाराचा मत्सर आहे. त्यांच्या प्रश्नाला एक धार आली होती, ती चिकोरीच्या प्रश्नाला नसायची.

सभा मठातच भरली. मास्तरांची पाहिलेली गोष्ट मीच सांगितली: ग्रंथालयातून नेलेलं पुस्तक ते परत आणतात तेव्हा त्याला नवं कव्हर असतं. लोक हसले, चांगलं हसले. मग सुभेदारांची पाळी. बाबूराव उठले आणि बर्फातली चौकी, गोळीबार, जखमी जवानाला पाठीवर घेऊन उतरणं, असं सगळं सांगू लागले. मामांनी चष्मा काढला.

"तूं होतास?"

"मी कसा असेन? मी ऐकलं—"

"बस."

बाबूराव बसले. दुसरं कोणी उठेना. माणसाची सगळी उमर आमच्या डोळ्यांआड गेलेली, पाहणार कोण? साक्ष नसली की उमेदवारी बाद, हा नियम. सुभेदार भिंतीशी ताठ उभे होते. मामांची बाजू तिथंच जिंकली होती.

पण मास्तरांच्या भाच्याला तेवढं पुरलं नाही. तो तिरुनागेश्वरम्‌हून मास्तरांसाठी म्हणून आला होता. उठून म्हणाला, "साक्ष कशी मिळेल? ज्या चौकीच्या गोष्टी सांगतात, तिथून हे पळून आले होते. साथीदारांना टाकून. ह्यांच्याच पलटणीतल्या माणसाकडून कळलं आहे."

मास्तरांनी मान खाली घातली. मी सुभेदारांकडे पाहिलं. मिशा तशाच होत्या, पण त्यांच्याखालचं तोंड म्हाताऱ्या माणसाचं झालं होतं. ते काही बोलले नाहीत. खरं सांगते, त्या गप्प राहण्याचा मला संशय आला. सगळ्यांनाच आला.

तेवढ्यात पंच्यावर चष्मा घासल्याचा आवाज.

"अप्पडिया? कोणें पाहिलें?"

भाचा गोंधळला. शिरस्तेदारमामा तर त्याच्याच बाजूचे. "माझ्या मित्राचे काका त्याच पलटणीत..."

"त्यांनीं पाहिलें?"

"त्यांनी... तिथं बोलत होते सगळे."

"सगळे बोलत होते. पाहिलें कोणें?" मामांचा आवाज चढला. त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. "पळणाऱ्याची पाठ पाहिलीस? तुझ्या मित्राच्या काकानें पाहिली? नाहीं ना? खालीं बैस."

तो बसला. मामा मात्र उभेच राहिले. चष्मा डोळ्यांवर चढवून म्हणाले, "सुभेदारासाठीं पाहिलेली गोष्ट मी सांगतों. ह्याची आई अंथरुणाला आहे. घरांत कामाला बाई आहे. तरी रोज सकाळीं मागल्या सामाईक विहिरीवर आईचीं लुगडीं हा स्वतः धुतो. पिळतो, झटकतो, दोरीवर कांठाला कांठ लावून वाळत घालतो. माझ्या मागल्या दारांतून दिसतें. मी पाहिलें."

सुभेदारांनी मान फिरवली.

"आतां मत," मामा म्हणाले. ते सगळ्यांत आधी हंड्याशी गेले, आणि हात वर करून सगळ्यांना दिसेल अशी सुपारी आत टाकली. मास्तरांची. "साक्ष साक्षीच्या जागीं, मत मताच्या जागीं. कौलं काढूं नये असंच माझं म्हणणं."

हंडा उपडा केला तेव्हा पानं जास्त निघाली. सुभेदार अध्यक्ष झाले. मामांच्या साक्षीनं झाले, असं मास्तरांच्या घरचे अजून म्हणतात.

परतताना मी मामांबरोबर होते. मी विचारलं, बाद होत होते ते, मग कशाला उभे राहिलात? ते चालत राहिले. पोत्रामरै तळ्याच्या कडेला थांबून म्हणाले, "माझा एक धाकटा भाऊ होता. ठाऊक आहे तुला?"

मला ठाऊक नव्हतं. रस्त्यात कोणालाच नसावं.

तोही सैन्यात गेला होता. उत्तरेतल्या एका लढाईत बेपत्ता झाला. घरी तेवढंच कळलं. काही महिन्यांनी पट्टीश्वरम्‌चा एक शिपाई सुट्टीवर आला आणि देवळाच्या आवारात बोलला, की तो मेलाबिला नाही, पळाला. गावभर झालं. मामांच्या आईनं डोक्यावरून पदर घेतला, बस पकडली, पट्टीश्वरम्‌ला त्या शिपायाच्या दारात जाऊन उभी राहिली आणि एकच विचारलं.

"तुवां पाहिलें?"

त्यानं पाहिलं नव्हतं. ऐकलं होतं.

"आई परत आली, हात धुतले आणि आम्हांला वाढलें," मामा म्हणाले. "मग मरेपर्यंत जो कोणी बोलला त्याला तिनें तेंच विचारलें."

म्हणजे ज्या प्रश्नाला आम्ही इतकी वर्षं संशय समजत होतो, तो त्या घरात संशयापासून बचावायला आला होता. मी म्हटलं, मग मामा, तुम्हाला काय वाटतं, भाऊ...

"मी पाहिलें नाहीं," ते म्हणाले आणि चालू लागले.

त्या उन्हाळ्यात मठाची कौलं उतरली. सुभेदारांनी खरोखरच शिस्तीत काम केलं, कोणाचं काही ऐकलं नाही, आणि पत्रे बसवले. पहिल्याच मोठ्या पावसात भजन चालू असताना वर असा ताशा वाजायला लागला की टाळ ऐकू येईनात. मामा माझ्या कानाशी ओरडले, "पाहिलेंस? लढाईंत शूर होता कीं नव्हता, दोन्हीं गोष्टींचा ह्या पत्र्याशीं संबंध नाहीं!" मग भजन संपेपर्यंत ते मजेत डोलत बसले.

गेल्या मार्गशीर्षात मामा गेले. मामी आधीच गेल्या होत्या. आमच्या शोकसभेतही पाहिलेली गोष्ट सांगायची रीत आहे. बाबूराव बोलले, मास्तर बोलले. चिकोरी झाली, स्वामीमलै झाली. अध्यक्ष म्हणून सुभेदारांनी माझ्याकडे पाहिलं. मला उठता आलं नाही. लिहायची सवय असलेल्या माणसाला बोलायला वेळ लागतो. म्हणून हे इतक्या उशिरा लिहिते आहे.

सभेनंतर काही दिवसांनी, दिवे लावायच्या वेळेला, सुभेदार आमच्या ओट्याशी आले. मामांच्या मुलीनं चेन्नईला जाताना घराची किल्ली माझ्याकडे ठेवली होती. मी कुलूप लावलं नव्हतं. दार नुसतं ओढून घेतलं होतं.

ते उभ्याउभ्याच बोलले. "त्या दिवसानंतर मला वाटत होतं, मामा एक दिवस एकटे गाठून विचारतील. त्या चौकीवर काय झालं ते. मी उत्तर तयार ठेवलं होतं. रोज त्यांच्या ओट्यावरून जायचो. ते म्हणायचे, 'आईला बरें आहे?' बस, एवढंच. तीन वर्षं." त्यांनी मिशांवरून हात फिरवला. "ते सगळ्यांना विचारायचे. मलाच नाही विचारलं."

ते थांबले. मी विचारावं म्हणून थांबले असावेत. उत्तर त्यांच्या तोंडापर्यंत आलेलं दिसत होतं. ते कोणतं होतं, मला माहीत नाही. माझा संशय अजून गेलेला नाही, हेही सांगून टाकते.

मी विचारलं, "आईंना बरं आहे?"

"हो," ते म्हणाले. "बरं आहे."

वाऱ्यानं शेजारचं, मामांचं दार थोडं उघडलं. सुभेदार सवयीनं पुढे झाले. दार ओढलं, आणि त्यांचा हात बाहेरच्या कडीवर गेला. "ही उघडीच ठेवतात? घर रिकामं आहे. लावून घेऊ?"

कडी काळी पडली होती. मामी गेल्यापासून तिला कोणी चिंच लावली नव्हती. मी त्यांना भावाबद्दल सांगितलं. थोडक्यात, मामांनी सांगितलं तेवढंच. तो मेल्याचंही कोणी पाहिलं नव्हतं, एवढं एक माझ्या पदरचं.

सुभेदारांनी कडीवरचा हात काढला. खाली बघत आजूबाजूला काही शोधलं, पायरीपाशी पडलेला विटेचा तुकडा उचलला आणि दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून फटीत नीट बसवला. एक माणूस अंग तिरकं करून आत जाईल, एवढी फट ठेवून.

मी पाहिलं.