बाबांनी न केलेली सही

मी इंजिनीअर आहे हे सांगायला मला आजही आवडतं, आणि मेकॅनिकल इंजिनीअर आहे हे सांगायला तर फारच. समोरचा माणूस "मेकॅनिकल?" म्हणून एकदा माझ्या साडीकडे बघतो. बघू दे. इतकी वर्षं झाली तरी माझी हौस फिटलेली नाही. पण त्या पदवीवर माझ्याइतकाच माझ्या बाबांचा हक्क आहे, आणि तो त्यांनी माझं न ऐकता मिळवलेला आहे.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. आम्ही नागपुरात नंदनवनच्या अलीकडे एका वस्तीत राहायचो. बाबा कापडगिरणीत फिटर होते. आईबाबांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मी त्यानंतर जन्मले, म्हणून मी त्यांना जरा जास्तच लाडकी. बाबा गिरणीत लागले तेव्हाची काही वर्षं तिथं आमच्या लोकांसाठी पाण्याचा माठ वेगळा असायचा. हे ते क्वचितच सांगायचे, पण 'अलग' हा शब्द घरात कुणी साधेपणानं काढला तरी त्यांच्या कपाळाला आठी पडायची. आईनं एकदा पाहुण्यांचे चांगले कप अलग ठेवले, तर बाबा चहा न घेताच उठून गेले.

इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष तेव्हा सगळ्यांना सारखंच असे. ब्रँच मिळायची ती पहिल्या वर्षाच्या मार्कांवर. त्यामुळे ते वर्षभर वस्तीत माझ्या ब्रँचशिवाय दुसरा विषय नव्हता. सिव्हिल घेतलं की सरकारी जीप मिळते, असं निम्म्या गल्लीचं मत. आई म्हणायची, "इलेक्ट्रिकल घे वं बाई, घरचा पंखा त फिरन." मेटलर्जी म्हणजे काय ते कुणालाच सांगता येईना, शेजारच्या काकूंना ते कल्हईचं शिक्षण वाटत होतं. मायनिंगचा प्रश्नच नव्हता, कारण बाईला खाणीत खाली उतरायला कायद्यानंच बंदी होती. आणि कोपऱ्यावरचे मास्तर तर अजूनही आशा सोडायला तयार नव्हते. ते दर आठवड्याला येऊन सांगायचे की वेळ गेलेली नाही, बी.एस्सी. कर, मग बी.एड. कर आणि मुलींच्या शाळेत लाग.

मला मात्र मेकॅनिकलच हवं होतं. लहानपणी एकदा सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या घरच्यांना गिरणी दाखवली होती. एक भलंमोठं चाक, त्यावरून पट्टा, आणि त्या पट्ट्यावर पुढचं सगळं खातं चालतं. हे असंच का केलं, असं मी विचारलं. बाबा म्हणाले, "बिघडलं का मी दुरुस्त करतो बेटा. पण असं काहून बनवलं, ते इंजिनीअरले मालूम." त्यांच्या तोंडून 'मला माहीत नाही' असं मी पहिल्यांदा ऐकलं, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. ते आपण शिकून येऊ आणि यांना सांगू, असं मी तेव्हाच ठरवून टाकलं.

पहिल्या वर्षाला वर्कशॉप होतं. फिटिंगमध्ये लोखंडाचे दोन तुकडे कानशीनं घासून एकमेकांत बसवायचे आणि उजेडासमोर धरायचे. फट दिसली तर मार्क गेले. बरीच मुलं तिथल्या मिस्त्रीला चहा पाजून काम करून घ्यायची. मला चहा पाजायची गरज नव्हती, कारण माझा मिस्त्री घरीच होता. रविवारी अंगणात बाबा मला उभं करायचे आणि बजावायचे, "कानस पुढं जातानी दाब. मागं आनतानी दाबू नको, धार मरते." ते स्वतः एकदाही हात लावत नसत. माझे तळहात सोलले तरी नाही. मला फार राग यायचा. पण वर्षाअखेर फिटिंगला वर्गात सगळ्यात जास्त मार्क माझे होते, आणि तो निकाल बाबांनी पानठेल्यावर तीन दिवस पुरवला.

मग ब्रँच वाटपाचा दिवस आला. हॉलमध्ये एका टेबलाशी प्राध्यापक बसले होते, शेजारी कारकून, आणि मागं फळा. फळ्यावर ब्रँचची नावं आणि पुढं उरलेल्या जागा. मार्कांप्रमाणे नंबर पुकारायचे, मुलानं उभं राहून ब्रँच सांगायची, की कारकून ओल्या फडक्यानं जुना आकडा पुसून नवा लिहायचा. बाबा त्या दिवशी खाडा करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. माझा नंबर आला तेव्हा मेकॅनिकलच्या दोनच जागा उरल्या होत्या. मी टेबलापाशी गेले आणि म्हणाले, "मेकॅनिकल."

प्राध्यापकांनी मान वर केली. "मेकॅनिकल? बरं." त्यांनी कारकुनाकडे पाहिलं, आणि त्यानं ड्रॉवरमधून एक सायक्लोस्टाइल केलेला कागद काढला आणि विचारलं, "वडील आलेत ना? इथं सही करा."

बाबांचं शिक्षण चौथीपर्यंतचं, पण कागद वाचल्याशिवाय ते सही करत नसत. ओळीखाली बोट धरून त्यांनी सगळं वाचलं. माझी मुलगी ही शाखा आमच्या संमतीनं घेत आहे, वर्कशॉपमध्ये तिला इजा झाल्यास किंवा पुढे कारखान्यात नोकरी न मिळाल्यास संस्था जबाबदार राहणार नाही, असं काहीसं होतं. मागं रांगेत चुळबुळ सुरू झाली.

"हा कागद सगळ्यायले हाये का जी?" बाबांनी विचारलं.

"नाही, फक्त मुलींना," कारकून म्हणाला.

"पोरायच्या बापाले नाही?"

"नाही."

बाबांनी कागद नीट सरळ करून टेबलावर ठेवला. "मंग मी नाही करत सही."

मला वाटलं, जमीन फाटावी आणि बाबांना पोटात घ्यावं. मला नको, त्यांनाच. फळ्यावरचा तो दोनचा आकडा माझ्या डोळ्यांसमोर नाचायला लागला. मी त्यांच्या कानाशी जाऊन पुटपुटले, "बाबा, काहून अडून राहिले? करून टाका ना सही. सीट जाईन माही."

ते माझ्याकडे न बघताच प्राध्यापकांना म्हणाले, "साहेब, मी गिरणीत अलग माठाचं पानी पेलो. तवा समजत नव्हतं, आन समजलं तरी बोलाची सोय नव्हती. आता माह्या पोरीसाठी अलग कागद? हे नाही चालनार."

प्राध्यापक काही वाईट नव्हते. ते थोडे लाल झाले आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो, ही फक्त औपचारिकता आहे."

"तसं असन त सगळ्यायकडून घ्या. सगळ्यात पयले मी देतो."

"नियम आहे. सही नसेल तर मला पुढचा नंबर घ्यावा लागेल. तिला सिव्हिल मिळू शकेल, तिथं हा कागद लागत नाही."

तेवढ्यात मागून धोतर-टोपीतला एक शेतकरी पुढं आला. उमरेडकडचा होता, मुलाला घेऊन आला होता, आणि तो मुलगा माझ्या लगेच मागच्या नंबरावर होता. म्हणजे आम्ही अडून राहिलो तर खोळंबा त्यांचाच. तो म्हणाला, "मले बी द्या जी एक कागद. आमचं पोट्टं सायकलची चेन लावाले गेलं का बोट कापून येते. त्याच्या बापाकडून कोनी काहून लिहून घेत नाही?"

सगळा हॉल हसला. तो मुलगा लाजून खाली बघायला लागला. प्राध्यापकांनाही हसू आलं, ते त्यांनी चष्मा पुसण्यात लपवलं. मग त्यांनी माझी गुणपत्रिका पुढं ओढली, वर्कशॉपच्या मार्कांवर पेन टेकवलं आणि मला विचारलं, "तुझं काय म्हणणं आहे?"

आता खरं सांगते. माझं म्हणणं होतं की बाबांनी मुकाट्यानं सही करावी. मला सीट हवी होती, त्यांचा माठ नको होता. पण मी बाबांकडे पाहिलं, तर ते टेबलाची कड घट्ट धरून उभे होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते एखाद्या साहेबाला नाही म्हणत होते, आणि तेही माझ्यासाठी. मला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं. तरी आवाज बरा निघाला. "सर, जबाबदारी लिहून घ्यायचीच असेल तर माझी घ्या. हात माझे आहेत. पण मग मुलांचीही घ्या. नाहीतर मी पण सही करणार नाही, आणि सिव्हिलही घेणार नाही."

प्राध्यापकांनी तो कागद उचलला, उलटा करून फायलीखाली सरकवला आणि कारकुनाला म्हणाले, "लिहा. मेकॅनिकल." कारकुनानं दोन पुसून एक लिहिला. आमच्या मागोमाग तो एक शेतकऱ्याच्या मुलानं घेतला, आणि त्याच्या बापानं बाबांना रामराम केला. बाबांनी "जय भीम" म्हटलं, आणि दोघंही हसले.

बाहेर आल्यावर बाबांनी मला आलुबोंडा खाऊ घातला, वर रस्सा. माझा राग अजून पुरता गेला नव्हता. मी म्हटलं, "बाबा, सीट गेली असती त?"

ते शांतपणे रस्सा पीत म्हणाले, "गेली असती त गेली असती. पन मिळाली ते पुरी मिळाली."

पुढच्या वर्षी आमच्या ब्रँचला दोन मुली आल्या. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना ड्रॉइंग हॉलमध्ये गाठलं आणि विचारलं की ब्रँच घेताना तुमच्या वडिलांची त्या कागदावर सही घेतली का. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातली एक म्हणाली, "कोणता कागद?"

मी सायकल घेतली आणि थेट गिरणीच्या गेटवर जाऊन पाळी सुटायची वाट बघत उभी राहिले, बाबांना तेवढे दोन शब्द सांगायला.