अळीतला ळ

धान्यात किडे कुणी आणून सोडत नाही. झाकण घट्ट असतं, डबा फळीवर असतो, आणि एक दिवस उघडावा तर आत अख्खं गाव वसलेलं! किस्स्यांचंही तसंच. आमच्या नोएडाच्या घरात तर ते किड्यांवरूनच साठले.

*

दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझा संसार झाला. पुढे सुहासला, माझ्या मुलाला, कंपनीत नोकरी लागली आणि आम्ही नोएडात आठव्या मजल्यावर आलो. तेव्हा खिडकीतून मोहरीची शेतं दिसायची. त्याच्या ऑफिसातली एक बाई परदेशी निघाली, तिनं आपली शुगर ग्लायडरची, म्हणजे उडत्या खारीसारख्या प्राण्यांची, जोडी माझ्या नातीला, इराला दिली. मुठीत मावेल एवढा जीव, करवंदासारखे डोळे, अंगाला कातडीची झालर. ती पसरून पडद्यावरून थेट आपल्या खांद्यावर! सात वर्षांच्या इरानं नावं ठेवली, राजमा आणि चावल.

जाताना ती बाई सांगून गेली, "जोडीनंच ठेवा हं. एक गेलं की दुसरं अन्न सोडतं."

आम्ही ऐकलं नि विसरलो. इरा विसरली नाही.

*

"खातात काय ही?" मी विचारलं. पुढ्यात तांदळाचं ताट होतं, निवडत होते.

"फळं, जरासं अंडं," सूनबाई नीता म्हणाली, "आणि आई, रागावू नका हं... अळ्या."

जन्मभर अळी वेचली ती फेकायला. आता वेचून जपायची?

"आई, तुमच्यासारखी नजर या घरात कुणाची आहे?"

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण सुनेनं माझं तोंडभर कौतुक केलं ते त्या दिवशी!

*

इराला ळ यायचा नाही. दिल्लीत वाढलेलं पोर. बाळ म्हणजे बाल, केळं म्हणजे केलं. नीता शिकवून शिकवून थकली होती.

तर एका दुपारी, डब्यात ठेवलेल्या अळीनं कोश केला आणि ती हालेना. इरा बाल्कनीत धावली नि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल अशी ओरडली, "आजी, अली मर गया! हिल भी नहीं रहा!"

खालच्या बाल्कनीतून शांत आवाज आला, "बेटा, मैं तो चाय पी रहा हूँ!"

ते अली साहेब. बँकेतून रिटायर झालेले. बायको गेलेली, मुलगी कॅनडात, घरात सोबतीला पिंजराभर फिंच चिमण्या. आमची ओळख झाली ती अशी.

*

ते वर आले, डबा पाहिला. "मरी नहीं, सो रही है. पतंगा बनेगी." मग माझ्याकडे वळले. "बहनजी, चावल में क्या लगाती हैं?"

"बोरिक पावडर," मी म्हटलं. सगळेच लावतात.

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "फिर यह खाना नहीं, ज़हर है. कीड़ा बाद में देखिए, पहले उसका खानदान पूछिए. किसके घर पला, क्या खाकर बड़ा हुआ."

"आमच्यात सोयरीक जमवताना एवढंच विचारतात!" मी हिंदीत सांगितलं.

"मैंने तो बेगम से कुछ नहीं पूछा था," अली साहेब म्हणाले. "सब उसी ने पूछा."

*

त्यांच्या बाल्कनीत कोंड्यानं भरलेला टब होता. आत पिवळ्या अळ्या, फिंचसाठी वाढवलेल्या. आधी अळीला गाजर खाऊ घालायचं, मग ग्लायडरला अळी. वर जनावरांच्या डॉक्टरांनी दिलेली कॅल्शियमची पूड. नुसत्या अळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, मागचे पाय लुळे पडतात म्हणे. पोळीच्या गोळ्याला पिठी लावावी तशी मी अळ्या पुडीत घोळवायची. त्याही मोजक्याच. अळी म्हणजे त्यांचं तळण, रोज पोटभर द्यायचं नसतं.

इरा जिन्यातूनच ओरडायची, "दादू, अली दो!"

"पूरा अली, या आधा?"

एकदा मी दोघांना ळ शिकवायला बसले. जीभ मागे वळवा, टाळूला लावा, सोडा. अली साहेब म्हणाले, "अड़ी." इरा म्हणाली, "अली."

"रहने दीजिए, बहनजी," ते हसले. "इसकी ज़बान पर मैं ही ठीक हूँ."

*

शेजारच्या बेदीबाईंचं मन मोठं. एकदा लॉनवरचा हिरवागार नाकतोडा वाटीत झाकून घेऊन आल्या. दार इरानं उघडलं. "ऑर्गेनिक है जी, अपने लॉन का!"

तिच्या खांद्यावरच्या चावलनं तो तिथल्या तिथं फस्त केला.

लॉनवर सकाळीच औषध मारलं होतं. बेदीबाईंना काय ठाऊक? दुसऱ्या दिवशी चावल गेला. बेदीबाई आमच्या दारात उभ्या राहून रडल्या.

इरा रडली नाही. राजमाला फ्रॉकच्या खिशात घेऊन बसली आणि तिनं एकच विचारलं, "आजी, आता हा पण खाणं सोडणार?"

*

राजमानं सोडलंच. फळ नको, अंडं नको. संध्याकाळी अली साहेब तळहातावर अळी घेऊन टेबलाशी बसायचे. राजमा तोंड फिरवायचा.

मी विचारलं, "आज आपने क्या खाया?"

"चाय पी."

"और कल?"

त्यांनी अळी राजमापुढे आणखी सरकवली.

मी वरण-भात वाढला, वर तूप घातलं. "पहले आप."

ताटाकडे बघत म्हणाले, "चावल में बोरिक तो नहीं?" पण जेवले. उजव्या हातानं घास, डावा तळहात टेबलावर उताणा, त्यात अळी. दोन घास झाले असतील. राजमा इराच्या खिशातून उतरला, त्यांच्या मनगटावर चढला, अळी दोन्ही हातांत धरली आणि डोक्याकडून कुरतडायला लागला!

कुणी हाललं नाही.

मग ती रोजचीच पंगत झाली. राजमा फळ-अंडं कुणाच्याही हातून घ्यायला लागला, पण त्यांची अळी झाल्याशिवाय नाही.

*

थंडीत अली साहेब गेले. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या. कॅनडाहून मुलगी आली. फिंच तिनं ओळखीच्यांना दिल्या, कोंड्याचा टब आमच्या दारात ठेवला.

ते गेल्यापासून राजमानं कशालाच तोंड लावलं नव्हतं. टब आला त्या संध्याकाळी सवयीनं माझ्याकडून एक ताट जास्त वाढलं गेलं. राजमा येऊन ताटाशेजारी बसला. नीतानं अळी पुढे केली, सुहासनं केली, मी केली. त्यानं तोंड फिरवलं.

इरानं बाही वर सारली. कोंड्यात हात घातला. ते ठेवायचे तसा डावा तळहात टेबलावर उताणा ठेवला.

"अली नहीं है, राजमा," ती म्हणाली. मग तिनं जीभ मागे वळवली, टाळूला लावली. "अळी आहे. खा."