रुक्मीचं भोजकट, आमचं फ्रीमाँट

समस्त वैदर्भीय बंधुभगिनींना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की प्राचीन विदर्भाची राजधानी आता कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटच्या एका टाउनहाउसमध्ये हलवली आहे. राजा मीच. प्रजेत एक बायको आणि मराठीत हाक मारली की इंग्रजीत ओ देणारी दोन मुलं.

निघालो तेव्हा मी कौंडिण्यपूरचा होतो. रुक्मिणीचं माहेर ते, पुराणातलं कुंडिनपूर. एस.टी.च्या खिडकीशी बाबा उभे होते. शाळामास्तर असल्यामुळे निरोपातही धडा: "विदर्भ सोडून गेलेल्यांचीच नावं पुराणात आहेत. तू परत येऊन नाव कर."

"पाच वर्षांत येतो!" मी ओरडलो. त्याला बारा वर्षं झाली.

इथे पॉटलक, म्हणजे घरोघरचे डबे आणून एकत्र जेवण, असलं की "रुक्मी होऊन जाऊ दे!" असा आग्रह होतो. मी बार्बेक्यूचा चिमटा उचलतो. कृष्णानं रुक्मिणीला पळवलं. तिचा भाऊ रुक्मी गरजला, "बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाय ठेवणार नाही!" हरला. कृष्णानं त्याची अर्धी मिशी भादरली. मी अर्धी मिशी झाकून हॉलभर फिरतो, लोक खुर्च्यांवरून घसरतात. मग लाजेनं त्यानं दुसरीकडेच भोजकट नावाचं नगर वसवलं. तेच आपलं भातकुली, असं आमच्याकडे मानतात. "तर मंडळी, हा आपला पहिला एनआरआय!" टाळ्या.

हा किस्सा मी इतका रंगवतो, कारण त्यात मी सुटतो. प्रतिज्ञा, पराभव, लाज! न परतायला केवढी भव्य कारणं! माझ्याकडे एकही नव्हतं. बाबा आजारी पडले तेव्हा मी कळवलं, ग्रीन कार्डचा अर्ज अडकलाय, निघता येत नाही. मग कार्ड आलं. त्यानंतर बाबा सात महिने जगले. त्या सात महिन्यांत मला प्रमोशन मिळालं. गावी पाठवलेल्या पत्रांत मात्र अर्ज अडकलेलाच राहिला.

गेल्या उन्हाळ्यात आईला आणलं. आता इथेच राहा, म्हणून रोज मागे लागलो होतो. ती नुसती "बघू" म्हणायची. तिच्यासमोर मी पहिल्यांदाच रुक्मी केला. सगळे हसले. डोळे पुसत एक मित्र तिला म्हणाला, "काय करणार काकू, बिचाऱ्याला परतायला वाटच नव्हती!"

"वाट कशी नव्हती?" आई भर हॉलमध्ये म्हणाली. "भातकुलीहून कौंडिण्यपूर बैलबंडीनं दोन दिवसांचं आहे. यायचंच नव्हतं त्याले!"