मनगटावरचा लाल दोरा

दुपारचं जेवण झालं की येमीमाबाई खाटेवर आडव्या होतात आणि जरा वेळ जाग कुठली, झोप कुठली, हे त्यांचं त्यांनाच कळेनासं होतं. उशाशी टोपलीत परसातल्या झाडाचं पहिलं सीताफळ पिकलं आहे. उद्या चर्चमध्ये हंगामाचा सण. पहिलं फळ देवाचं. ते वेदीवर जाईपर्यंत घरातल्या कुणी त्या झाडाचं फळ तोंडात घालायचं नाही, ही या घराची जुनी शिस्त.

उद्या फळाबरोबर हेप्सिबाही जायची आहे. येमीमाबाईंची याच घरात राहणारी जुळी बहीण केझिया, तिची ही नात. पोरीला देवाच्या सेवेला वाहायचं ठरलं आहे, आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून "देवानं तुला निवडलं" असं म्हणायचं काम येमीमाबाईंकडे आलं आहे. त्यांच्याइतकं फलद्रूप जीवन मंडळीत दुसऱ्या कुणाचं आहे, असं पाळकसाहेब म्हणाले. येमीमाबाईंनी कसंबसं हसू दाबलं. उभी हयात गावोगाव बायकांना प्रभूची गोष्ट सांगत हिंडल्या, आणि परत येऊन स्वतःच्या खोलीचं कुलूप स्वतःच काढत राहिल्या. फळ म्हणतात ते हेच असेल तर असो बापडं.

डोळा लागतो न लागतो तोच पायथ्याशी आई बसलेली. आईला मातीआड करून किती वर्षं झाली! तरी ती खुशाल सीताफळ फोडते आहे.

"आई, ते वेदीचं आहे."

"आसू दे. भूक लागली मला."

आईच्या तोंडी असलं बोलणं कधी ऐकलेलं नाही. येमीमाबाई खाटेचे गज धरून उठू बघतात, तर ते मिशनच्या बोर्डिंग शाळेच्या फाटकाचे गज. येमीमाबाई फाटकाच्या आत, केस पांढरे, अंगात परकर-पोलकं. बाहेर केझिया आईचा पदर धरून नुसती भोकाड पसरते आहे.

आईला बरीच वर्षं मूल नव्हतं. पहिलं मूल तुझं, असं ती देवाला बोलून बसली, आणि झाल्या जुळ्या. मग बायबलातल्या जुळ्यांसारखं सुईणीनं पहिल्या बाहेर आलेलीच्या मनगटाला लाल दोरा बांधला. ती तू, असं आई जन्मभर सांगत आली. त्या दोऱ्यापायी येमीमाबाईंनी राहुरीकडच्या एका चांगल्या मास्तरला नाही म्हटलं होतं. तो फार चांगला होता, हे त्या आजवर कुणाला बोललेल्या नाहीत.

"आई, दोरा माझ्याच हाताला होता ना?"

आई बी थुंकते. "व्हता एकीच्या. न्हाऊ घालताना सुटला, पाण्यात गेला. मंग दोघी सारख्याच."

"मग मी पहिली कशावरून?"

"हितं फाटकाशी दोघींना आणलं. केझी रडली. तू रडली न्हाईस."

फाटक नाही. चर्चच्या वेदीपुढे दुधीभोपळे, उसाच्या मोळ्या, पाय बांधलेल्या कोंबड्या. त्यांच्यातच येमीमाबाई बसलेल्या.

"आणि देव? तो काय म्हणाला?"

"त्यो कुठं काय बोलला? म्या वाट बगितली, बाई. मंग फाटक लावायची येळ झाली."

येमीमाबाईंचा संताप संताप होतो. "मलाही रडायचं होतं गं! तुझे डोळे भरलेले बघितले, म्हणून गिळलं मी!"

"मला काय ठावं? रडायचं व्हतंस की मंग." आई अर्धं सीताफळ पुढे करते. "खा. तुझ्या वाट्याचं हाय."

फळ गोड आहे. इतकं गोड असावं, याचाच त्यांना राग येतो.

जाग येते तेव्हा उन्हं कलली आहेत. बोटं चिकट, टोपली रिकामी, आणि मुठीत काळ्या बिया. दारात हेप्सिबा उभी आहे, हातावर इस्त्री केलेली पांढरी साडी.

"मोठी आजी, उद्याला ही चालेल ना?"

आवाज अगदी स्वच्छ, डोळे कोरडे. सकाळपासून घरातला जो तो तेच म्हणतो आहे: पोरगी रडत नाही, म्हणजे देवाचीच इच्छा.

येमीमाबाई मूठ उघडून दाखवतात. "उद्याचं फळ मी खाल्लं."

"अगं आजी! आता वेदीवर काय ठेवायचं?"

"काही नाही. इकडे ये. देवाला तू हवी असशील तर तो तुला सांगेल, या घरानं मध्ये बोलायचं कारण नाही. खरं सांग, तुला जायचंय?"

हेप्सिबा साडीची घडी सारखी करते. सारखी झालेली घडी पुन्हा सारखी करते.

"मग रड," येमीमाबाई म्हणतात. "मोठ्यानं रड, बाई. तुझी केझिया आजी पलीकडच्याच खोलीत आहे. रडल्यानं काय होतं ते तिला चांगलं ठाऊक आहे."