भावोजींचे वॉट

पेण-रोहा पट्ट्यात गाडीत टेप बसवून देणारे पुष्कळ होते, पण आलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवण्यात आमच्या भावोजींचा हात धरणारा कुणी नव्हता. नव्वद सालानंतर जो तो जीपमध्ये दणदणीत अ‍ॅम्प्लिफायर मागू लागला आणि माझ्या बहिणीचा हा नवरा पेणच्या दुकानात बसून आधी स्पीकर उलटा करून त्याच्या पाठीवरची बारीक अक्षरं भिंगातून वाचू लागला. खोक्यावर तीनशे वॉट छापलेले असत. "हा स्थळाच्या कागदावरचा पगार हाय," भावोजी म्हणत, "घरात येतात चाळीसच." स्पीकरला जेवढं कायम झेपेल तेवढाच अ‍ॅम्प्लिफायर, हा त्यांचा धर्म. माझ्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते मांडवातून उठले आणि माईकवाल्याला बाजूला सारून त्यांनी आवाज उतरवला. तरी तो फाटतच राहिला, तेव्हा कुठे सगळ्यांना कळलं, की भटजींचा घसा सर्दीने बसलाय.

एकदा मी दुकानात असताना कुवेतहून सुट्टीवर आलेला रोह्याचा एक माणूस व्हॅन घेऊन आला. सोबत म्हातारी आई. वडील वर्षापूर्वी वारले होते. त्यांनी मुलासाठी पत्राऐवजी बोलून पाठवलेली कॅसेट त्याने जपून आणली होती. आईला कमी ऐकू येई, म्हणून त्याने गाडीतला टेप पूर्ण चढवला होता.

"आवाज वाढवला का अब्बा फाटतात," तो म्हणाला. "दुकानातला सगळ्यात मोठा अ‍ॅम्प्लिफायर द्या."

"नाय देणार. टेपची ताकद कमी, तुम्ही त्याला पिळताय, म्हणून आवाज फाटतो. आणि मोठा लावलात तर हे दारातले चिमुकले स्पीकर जळतील."

"मग मी दुसरीकडं जातो."

"जा. आईंना इथं बसू द्या, उन्हात फिरवू नका."

तो गेला नाही. भावोजींनी मागे मोठे स्पीकर बसवले, त्यांना झेपेल असा मध्यम अ‍ॅम्प्लिफायर जोडला, आणि म्हातारीला मागच्या सीटवर बसवून कॅसेट लावली. स्वतःच्या कानांवर एवढा गर्व असलेला हा माणूस दर वेळी अ‍ॅम्प्लिफायरचा आवाजाचा स्क्रू किंचित फिरवून तिलाच विचारत होता, "आता?" ती मान हलवी. "आता?" पुन्हा नाही. मुलगा घामाने डबडबला होता. भावोजी मात्र वाट चुकायची शक्यताच नसल्यासारखे शांत.

अचानक म्हातारीने हात वर केला.

"खोकतायत," ती म्हणाली. "व्हय, खोकतायत. दवा कधी घेतली नाय गो माझ्या माणसाने."

जिला 'गो' म्हणावं अशी आजूबाजूला कुणी बाई नव्हती. ती कुणाशी बोलत होती कोण जाणे. बाजू संपली तेव्हा ती एवढंच म्हणाली, "परत लाव."

भावोजींनी कॅसेट मागे गुंडाळून पुन्हा लावली, व्हॅनचं दार हलकेच ओढून घेतलं आणि आम्ही दोघं रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. जेवायला या म्हणून बहिणीचा दोनदा निरोप आला. भावोजी नुसते हाताने थांब म्हणाले.