शेवटची सरी

संगणकाचा मला कधी अभिमान वाटला नाही, धास्तीच वाटली. चिखलीजवळच्या आमच्या गावात, भाजीच्या क्रेटांशेजारी ठेवलेल्या जुन्या मशीनवर मी जे काम करायचो त्याचा एक रुपया मिळत नव्हता. जगभरातली अनोळखी माणसं हौसेनं एक ऑपरेटिंग सिस्टीम बांधत होती, म्हणजे संगणक जिच्या जोरावर चालतो ती मूळ प्रणाली. कुणीही ती फुकट घ्यावी, उघडून पाहावी, सुधारावी.

"मंग पैसे कोन देते?" बाबांनी विचारलं. मी भंडाऱ्याचं उदाहरण दिलं. कोणी गहू देतं, कोणी लाकडं, कोणी नुसतं वाढायला येतं.

"पन भंडारा एका दिवसाचा राह्यते," बाबा म्हणाले. झोंबलं, कारण खरं होतं. प्रकल्पाच्या देणग्या आटत चालल्या होत्या.

माझ्या वाट्याला आलं होतं पाळ्या लावण्याचं काम. आमच्या त्या मशीनला मेंदू एकच, पण त्यावर गाणं वाजतं, फाईल उतरते, टायपिंगही चालतं. खरं तर प्रत्येक कामाला क्षणभराची पाळी मिळते, मग दुसऱ्याला. इतक्या झपाट्यानं की सगळं सोबतच चाललंय असं वाटावं. ही गोष्ट मला कुणाला शिकवावी लागली नाही. आमची विहीर काकांशी सामाईक होती. शेताची लाईट, म्हणजे मोटारीची वीज, सकाळी आठ ते दुपारी दोन. अकरापर्यंत काकांचं पाणी, नंतर आमचं. दुसऱ्या दिवशी उलट.

त्या वर्षी परदेशातली एक संस्था आमच्या प्रकल्पाला निधी द्यायला तयार झाली. अट एकच: पाच-सहा कामं एकत्र चालवून दाखवायची आणि मशीन अडकता कामा नये. त्या निधीतून पाळ्यांचं काम करणाऱ्याला, म्हणजे मला, दरमहा मानधन मिळणार होतं. नाहीतर दिवाळीनंतर पुण्याला नोकरी धरायची, असं मी घरी कबूल करून बसलो होतो. मला जायचं नव्हतं. बाबांचे गुडघे गेले होते. मी गेलो की मळा बंद, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि बोलत कोणीच नव्हतं.

निधीसाठीच्या या परीक्षेला दोन दिवस उरले असताना प्रकल्प सांभाळणाऱ्या बाईंचा ईमेल आला. परीक्षेच्या तालमीत त्यांच्याकडचं मशीन ठप्प झालं होतं. दोष तुमच्या भागात दिसतो, इतकंच लिहिलं होतं. सगळ्या ओळी पुन्हा वाचून काढल्या. जेवण जाईना. बाबांवर उगाच खेकसलो. चूक काही सापडेना.

दुसऱ्या दिवशी अकराला पाळी घ्यायला मळ्यात गेलो तो चिडूनच. काकांची मोटार सुरूच होती. मिरचीच्या ओळींमधली शेवटची सरी भरायची राहिली होती. आमच्या विहिरीचा शिरस्ता असा, की पाणी शेवटच्या सरीला लागलं असेल तर वेळ झाली तरी ती भरू द्यायची. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. बाबा बांधावर बसून होते.

"बाबा, आपली पाळी जाऊन राह्यली."

"काऊन घाई करून राह्यला बे? सरी भरू दे त्याची."

सरी भरतच नव्हती. मी चिखल तुडवत टोकापर्यंत गेलो. बांधाजवळ घुशीचं बीळ होतं आणि सगळं पाणी गुपचूप त्यात उतरत होतं. काका बीळ बुजवायला फावडं घेऊन धावले, आणि मी घराकडे पळालो.

कारण हाच शिरस्ता मी संगणकाला लावला होता. वेळ संपली तरी हातातला तुकडा पुरा करू देण्याची सवलत मीच प्रत्येक कामाला दिली होती. दुसऱ्या कुणाच्या डोक्यातही हे आलं नसतं. मला ती साधी माणुसकी वाटली होती. पण बिघडलेल्या कामाची सरी कधी भरतच नाही, आणि त्याच्या मागचे सगळे कोरडे उभे राहतात. मी सवलत काढून टाकली. वेळ संपली की पाळी काढून घ्यायची, विचारायचं नाही. पाठवताना इंटरनेटची फोनलाईन दोनदा तुटली.

परीक्षेच्या दिवशी मी मशीनसमोर बसलोच नाही, वांगी तोडत राहिलो. संध्याकाळी बाईंनी कळवलं: सगळी कामं नीट चालली, निधी मिळाला. मी रडलो, आणि ते सांगायला मला लाज वाटत नाही.

"केलं काय तू?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं.

"शेवटची सरी राह्यली असन तरी बंद?"

"हाव. तरी बंद."

बाबा खूप हसले. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्यांनी ते 'सरी राह्यली तरी बंद' सगळ्यांना रंगवून सांगितलं. तिथं काकाही होते.

आमची पाळी पुन्हा अकराला आली त्या दिवशी मी मळ्यात पोहोचलो तेव्हा अकराला पाच कमी होते. काका हातातल्या घड्याळाकडे पाहत मोटारीजवळ उभे होते. अकरा वाजले आणि त्यांनी मोटार बंद केली. मिरचीची शेवटची सरी कोरडीच होती.

"काका, भरू द्या ना तेवढी."

"नाई बाबू. टाइम झाला तुहा."

ते चिडले नव्हते, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. फावडं खांद्यावर टाकून ते निघाले. मी मोटार सुरू केली आणि पाणी त्यांच्या सरीत सोडलं. ती भरेपर्यंत तिथंच उभा राहिलो. काकांनी एकदाही वळून पाहिलं नाही.