राजाभाऊंची राखीव खोकी

राजाभाऊ निकमांकडे कुणी औषध मागितलं की ते आधी नाही म्हणत. "संपलं हो, कालच शेवटचं गेलं." मग जरा थांबत, कानामागे खाजवत, आणि समोरच्याचा चेहरा पुरेसा उतरला असं वाटलं की हळूच म्हणत, "थांबा, बघतो काही जमतंय का." आणि जमायचं. अहो, न जमायला काय झालं? माल मागच्या भिंतीशी, कापसाच्या बंडलांच्या आड, ताडपत्रीखाली आरामात पडलेला असायचा. पण ते फक्त राजाभाऊंना माहीत. बाकीच्या चंदीगडला वाटायचं, हा माणूस जादूगार आहे.

राजाभाऊ मूळचे कोरेगावचे. हवाई दलाच्या स्टोअरमध्ये त्यांची सगळी उमर गेली. तिथं त्यांच्या पहिल्या साहेबांनी त्यांना एकच गोष्ट शिकवली होती: स्टोअरकीपरनं शेवटचं खोकं कधी कबूल करायचं नाही. पेन्शन झाली तेव्हा बायको, सरोजताई, चंदीगडला सेक्टर बत्तीसच्या सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होत्या, त्यामुळे कोरेगावला परतायचं राहून गेलं. राजाभाऊ शहराच्या कडेला, मनीमाजऱ्यात, सोधीसाहेबांच्या औषधांच्या गोदामावर लागले आणि येताना ती शिकवणही घेऊन आले.

ते दिवसच भरभराटीचे होते. देशाची दारं उघडली होती, रोज नवी कंपनी, रोज नवी गोळी. सोधीसाहेबांचं एका गाळ्याचं गोदाम बघता बघता गल्लीभर पसरलं. मोहालीपासून पंचकुल्यापर्यंतची दुकानं त्यांच्याकडून माल उचलायची. माल वाढला तशी टंचाईही वाढली, कारण कुठलं औषध कधी येईल याचा कुणालाच पत्ता नसे. आणि टंचाईत राजाभाऊंचा भाव वधारत असे. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट आधी त्यांच्याकडे यायचं. कर्नल, प्रोफेसर, डॉक्टर, सगळे त्यांना बाजूला घेऊन कुजबुजायचे, "राजाभाऊ, जरा बघा ना." ते बघायचे. छातीही जरा फुगायची.

चोरी म्हणाल तर एका गोळीची नाही, बरं का. येईल त्या मालातलं थोडंसं मागे सरकवायचं, एवढंच. गोदामाचं रजिस्टर गोदामात, हिशेबाच्या वह्या वरच्या माळ्यावर नरेंद्रजींकडे. दोन्हींची गाठ पडायची ती वर्षातून एकदा, मार्चमध्ये. तेव्हा राजाभाऊ राखीव खोकी अलगद पुढे आणून ठेवत, बेरीज जुळे, सगळे पेढे खात, आणि एप्रिलमध्ये खोकी पुन्हा ताडपत्रीखाली जात.

मग दोन हजार दोन साली सोधीसाहेबांच्या मनानं घेतलं की आपल्याकडेही मोठ्या कंपन्यांसारखी सिस्टीम पाहिजे. गोदाम, हिशेब आणि गाड्या, तिन्ही एकाच कॉम्प्युटरवर. ते बसवायला पुण्याहून स्मिता नावाची मुलगी आली. चष्मा, पाठीवर सॅक, आणि दिल्लीच्या पलीकडची थंडी आयुष्यात कधी पाहिलेली नसल्यामुळे अंगावर एकावर एक स्वेटर. मराठी ऐकून राजाभाऊ विरघळले, पण कॉम्प्युटर बघून पुन्हा गोठले.

"हे मशीन काय करणार ते सांग."

"काका, तुम्ही माल आला म्हणून नोंद केली की वर नरेंद्रजींना ते दिसणार. कंपनीचं बिल आणि तुमचा आकडा जुळला तरच पैसे सुटणार. साठा कमी झाला की नवी ऑर्डर आपोआप. आणि गाडीत काय भरायचं, तेही तेच सांगणार."

"म्हणजे कुणी कुणाला विचारायचंच नाही?"

"कशाला विचारायचं? सगळ्यांना सगळं दिसेल."

पोरगी आनंदानं सांगत होती. राजाभाऊंचा हिशेब मात्र वेगळाच होता. सगळ्यांना सगळं दिसलं तर राजाभाऊंना कोण विचारणार? जन्मभर स्टोअरमध्ये राबून मिळवलेली एकच गोष्ट, लोक आपल्याकडे येतात ही, तीही हे डबडं घेऊन जाणार? त्यांनी साठा मोजून दिला. अगदी काटेकोर मोजला. फक्त ताडपत्रीखालचा सोडून. राखीव म्हणजे काय साठा असतो का? असं त्यांनी स्वतःलाच विचारलं आणि स्वतःच नाही म्हणून टाकलं.

आता गंमत बघा. सिस्टीमला वाटायचं एक इंजेक्शन संपत आलं, ती ऑर्डर करायची. माल आला की राजाभाऊ सवयीनं त्यातलं थोडं मागे सरकवायचे आणि कमी आकडा टाकायचे. बिल शंभर खोक्यांचं, नोंद नव्वदची. पूर्वी हे कुणाच्या बापाला कळलं नसतं. आता मशीननं ताबडतोब लाल रेघ ओढली आणि पैसे अडवले. पैसे अडले म्हणून कंपनीनं पुढचा माल रोखला. माल नाही म्हणून गाड्या अर्ध्या रिकाम्या धावू लागल्या. आणि टंचाई वाढतेय असं बघून राजाभाऊ, जबाबदार माणूस, आणखी जास्त राखून ठेवू लागले! दोन-चार आठवड्यांत सोधीसाहेबांचा धंदा पार आडवा झाला.

सोधीसाहेब जिन्यावरून गरजतच खाली आले. "बेटा, तेरी मशीन ने तो बेड़ा ग़र्क कर दिया! सोमवार तक ठीक नहीं हुआ तो उठा के ले जा अपना डब्बा."

स्मिताचा चेहरा पांढराफटक पडला. एकटीनं सांभाळायला मिळालेलं हे तिचं पहिलंच काम होतं. ते असं गुंडाळलं गेलं तर पुण्याला गेल्यावर तिला दारात कोण उभं करणार होतं?

राजाभाऊ जिंकले होते. एवढंच करायचं होतं, गप्प बसायचं. सोमवारी डबडं जाणार, वह्या परत येणार, फोन पुन्हा वाजायला लागणार. त्या खुशीत त्यांनी स्वतःच्या हातानं आल्याचा चहा केला आणि पोरीला नेऊन दिला. ती गोदामात जमिनीवर बसून एकेक खोकं हातानं मोजत होती. नाक लाल झालेलं. थंडीनं की रडून, कळत नव्हतं.

"कशाला मोजतेस परत?"

"काका, कुठंतरी माझंच चुकलंय. नोंद करायला तुम्हाला मीच शिकवलं ना? मला नीट शिकवता आलं नसणार." तिनं चहाचा पेला दोन्ही हातांत धरला. "कारण तुमचा आकडा चुकणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मी सोधीसाहेबांनाही तेच सांगितलं."

आता मला सांगा, यावर माणसानं काय करावं? शिवी दिली असती तर राजाभाऊंनी सहज पचवली असती. हा विश्वास काही पचेना. ते गोदामात एक चक्कर मारून आले. मग दुसरी. मग तिच्यापुढे येऊन उभे राहिले आणि एकदम खेकसले, "बसलीस काय अशी? ऊठ, ही बंडलं धर जरा!"

कापसाची बंडलं बाजूला झाली, ताडपत्री वर गेली. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत खोकीच खोकी. स्मितानं वरचं एक खोकं उचलून त्यावरचं नाव वाचलं. "काका," ती कशीबशी म्हणाली, "हे काय आहे?"

"राखीव," राजाभाऊ म्हणाले, आणि त्या शब्दाची त्यांना जन्मात पहिल्यांदा लाज वाटली.

खालच्या थरातली काही खोकी तर मुदत उलटून गेलेली निघाली. इतकी जपली, इतकी जपली, की कुणाच्याच कामाची राहिली नाहीत. राजाभाऊंनी ती स्वतः बाहेर काढली. स्मिता मदतीला वाकली तर तिला हात लावू दिला नाही.

सोधीसाहेबांना सांगायला ते स्वतः वर गेले. साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. मग पगडीवर हात ठेवून ते म्हणाले, "निकमजी, आप चोरी कर रहे थे?"

"नहीं साहेब. बचत."

त्या बचतीवर साहेब हसावं की ओरडावं या विचारात असतानाच कोपऱ्यात नरेंद्रजी खाकरले. त्यांनी टेबलाचा खण उघडला. आत दुकानांकडून वसूल करायच्या बिलांचा एक गठ्ठा होता, तंगीच्या महिन्यात कामी येईल म्हणून मशीनला न दाखवलेला. ते बघून गाड्या सांभाळणारा लखबीर दारातूनच बोलला की रिपेअरला म्हणून कागदावर दाखवलेली व्हॅन खरं तर धडधाकट आहे. अडीनडीला असू द्यावी म्हणून त्यानं ती घरी उभी केली होती.

"ओए, तुम सबने अपनी-अपनी दुकान खोल रखी है?" सोधीसाहेब ओरडले. "तो मेरी दुकान कहाँ है?"

कुणाला काढलं नाही. काढायचं तर सगळ्यांनाच काढावं लागलं असतं. खोकी, बिलं आणि व्हॅन, सगळं मशीनमध्ये गेलं. आणि मग ते डबडं, राजाभाऊंच्या शब्दांत, माणसासारखं वागायला लागलं. आकडे जुळले, पैसे सुटले, कंपन्यांचा माल वेळेवर येऊ लागला, सकाळी मागवलेलं दुपारी दुकानात पोचू लागलं. स्मिता पुण्याला परतली ती राजाभाऊंच्या पाया पडून आणि त्यांच्याकडून भरपूर बोलणी खाऊन, की घरी पोचायच्या आधी स्वेटर काढलास तर बघ.

राजाभाऊंचा फोन मात्र वाजेनासा झाला. मंडळाच्या तिळगुळाला कर्नल क्रिकेटवर बोलून निघून गेले. राजाभाऊ घरी चिडचिड करायला लागले. भाजीत मीठ कमी, वर्तमानपत्र उशिरा, शेजाऱ्याच्या स्कूटरला आवाज फार. सरोजताई काही बोलायच्या नाहीत. त्या खोक्यांची गोष्ट कळल्यापासून त्या जरा गप्पच होत्या, पण हे राजाभाऊंच्या लक्षात येईल तर ना!

एका संध्याकाळी ते स्कूटर घेऊन त्यांना आणायला हॉस्पिटलवर गेले. समोरच्या औषधाच्या दुकानात एक तरुण चिठ्ठी घेऊन धावत आला. बुटांना चिखल, स्वेटर उलटा घातलेला. त्यानं मागितलं ते नेमकं ताडपत्रीखाली राखून ठेवलेलं तेच इंजेक्शन. दुकानदारानं मान वर न करता काढून दिलं. तरुण पैसे टाकून धावत परत गेला. राजाभाऊ बघत राहिले. हे औषध कुणी ठेवलं, कुणी पोचवलं, कुणी कबूल केलं, त्या पोराला काही देणंघेणं नव्हतं. राजाभाऊंना वाईट वाटलं. चांगलंच वाईट वाटलं.

सरोजताई बाहेर आल्या तसं त्यांनी हसण्यावारी नेत सांगितलं, "आपली सद्दी संपली बघ. लोक आता नुसते येतात आणि घेऊन जातात. राजाभाऊ, बघा ना, असं म्हणायला कुणी नाही."

सरोजताई हसल्या नाहीत. शाल घट्ट ओढून त्या म्हणाल्या, "तुम्हाला फोन करायचे ते सगळे ओळखीचेच होते ना?"

"मग? अनोळखी कसा करणार?"

"मी वॉर्डात असायचे. ज्यांची ओळख नव्हती ते चिठ्ठी घेऊन सगळी दुकानं फिरायचे आणि परत येऊन मला सांगायचे, सिस्टर, कहीं नहीं मिला. एखाद्यासाठी मी तुम्हाला फोन करायचे. रोज किती करणार? मला वाटायचं, माझा नवरा बिचारा कुठून कुठून मिळवून आणतो. त्याला किती त्रास द्यायचा?" त्या स्कूटरजवळ येऊन थांबल्या. "ते तिथंच होतं हो. सगळा वेळ तिथंच होतं."

राजाभाऊंनी खिशातून किल्ली काढली. त्यांनी स्कूटरला किक मारली. ती सुरू झाली नाही. दुसऱ्यांदाही नाही. ते तसेच हँडल धरून मान खाली घालून उभे राहिले.

सरोजताईंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "आज त्या पोराला मिळालं ना?"

"मिळालं," राजाभाऊ म्हणाले. मग डोळे पुसत हळूच म्हणाले, "कुणालाही न विचारता मिळालं."